न सारवलेली वीत

मी नोकरीत नेमकं काय करते, हे आईला सांगायला मला अकरा वर्षं लागली. सांगितल्यावर तिला ते अडीच मिनिटांत समजलं, आणि पुढच्या अडीच मिनिटांत तिनं माझी चूक काढून दाखवली. कॉलेजातल्या परीक्षकांनाही हे कधी जमलं नव्हतं.

काम तसं सोपं आहे. ठाण्याच्या एका ऑफिसात मी इमारतींचे नकाशे तपासते. दवाखाने, शाळा, कचेऱ्या. भिंती उभ्या राहतील का ते बघणारे लोक वेगळे. मी बघते ते हे, की कुठली खोली कुठल्या खोलीला कशी जोडली आहे, आत आलेल्या माणसाला किती दारं ओलांडावी लागतात आणि कुठे बसलं की काय दिसतं. हे सगळं एक सॉफ्टवेअर करतं. नकाशा त्यात टाकला की ते त्यावर बारीक चौकोनांची जाळी पसरतं आणि एकेका चौकोनावरून बाकीचे किती चौकोन दिसतात ते मोजतं. जिथून पुष्कळ दिसतं ती जागा लाल. त्याहून कमी ती पिवळी, मग हिरवी, आणि जिथून जवळजवळ काहीच दिसत नाही ती गडद निळी. दवाखान्यात नर्सचं टेबल निळ्यात पडलं तर मी फोन करून ते हलवायला लावते. लोकांना वाटतं मी फार बारीक विचार करते. विचार सॉफ्टवेअर करतं, मी फक्त भिंती काढून देते. भिंत चुकली की उत्तर चुकतं, एवढंच त्यातलं पथ्य.

डोळखांबच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आमचा पाडा आहे. तिथलं आमचं जुनं घर कुडाचं होतं. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या बांधायच्या आणि त्यावर दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची. पाऊस संपला की दरवर्षी भिंती नव्यानं सारवायच्या. पुढे ओटी, मग मधलं घर, मागे चूल, बाजूला गोठा. वर कौलं. घरात यायला एकच दार, पूर्वेला, ओटीवरून. आणि गावात यायची वाट मात्र पश्चिमेकडून, म्हणजे घराच्या पाठीमागून. एसटीतून उतरलं की ओहोळ ओलांडायचा, मोहाच्या झाडाखालून बांधावर चढायचं, भाताच्या खाचरांच्या कडेनं बांध धरून यायचं, घराला वळसा घालून पुढे यायचं आणि मग ओटीवर पाय ठेवायचा. येणाऱ्याला आधी घराची पाठ दिसायची.

आठवीपासून मी शहापूरला मामाकडे राहून शिकले. शनिवारी सकाळची शाळा. ती सुटली की दप्तर घेऊन तशीच स्टँडवर. तीन वाजता मी ओहोळात पाय बुडवलेले असायचे. आणि दर शनिवारी, न चुकता, मी ओटीवर पाऊल ठेवलं की आतून तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज यायचा. आई चुलीपुढे बसलेली असायची. वळून न बघता म्हणायची, "आलीस गो? हात धू."

हे तिला कसं कळायचं ते मला कधीच कळलं नाही. तिला माझी पावलं ओळखू येतात असं मी धरून चालले होते. एकदा मी चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत आले, श्वाससुद्धा रोखून. तरी भाकरी तव्यावर होतीच. एसटी चुकून मी दोन तास उशिरा आले, तरी भाकरी गरम. मामीला मी हे अभिमानानं सांगायची. मामी म्हणायची, "आईचं काळीज असतं बाई ते." मामीकडे सगळ्यालाच काळीज असायचं. पण मलाही तेच खरं वाटायचं, आणि रविवारी संध्याकाळी परतताना तेच घेऊन मी एसटीत बसायची. आठवडाभर पुरायचं.

त्या घरातलं आणखी एक सांगायला हवं. आमचा कुत्रा भलताच गुबगुबीत होता. पाड्यातली बाकीची कुत्री हडकुळी, आणि हा धापा टाकत चालायचा. कारण रोज एक-दोन भाकऱ्या उरायच्या, आणि उरलेल्या त्याला. बाबा जेवताना त्याच्याकडे बघून म्हणायचे, "ह्या घरात मानसापरास कुत्र्याचा नशीब मोठा." आई म्हणायची, "पीठ उरला व्हता, काय करू?" बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांची ही थट्टा मला आठवते. आईचं उत्तर मात्र मी तेव्हा कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

बाबा गेल्यावर धाकट्या भावानं नवं घर काढायचं ठरवलं. तो वाशिंदला कारखान्यात आहे, रोज जाऊन येऊन करतो. कारवी वाळवीनं खाल्ली होती, कौलं शाकारायला माणूस मिळत नव्हता, आणि त्याच्या बायकोला पावसाळ्यात ओल्या भिंतीची किळस यायची. सगळं खरं होतं. मी म्हटलं, नकाशा मीच काढणार. घरात शिकलेली मुलगी असताना बाहेरचा कशाला?

मी जीव ओतून काढला तो. डोळखांबहून आता डांबरी सडक थेट पाड्यात येते आणि ती आमच्या घराच्या पूर्वेनं जाते, म्हणून दर्शनी बाजू तीच ठेवली. बसायची खोली मोठी. स्वयंपाकघर मागे, पण ऐसपैस. उभ्यानं काम करायला ओटा, ओट्यावर उत्तरेची मोठी खिडकी, डोंगर दिसावा म्हणून. पश्चिमेचं ऊन भाजून काढतं, म्हणून ती भिंत पूर्ण बंद, आणि तिला कडप्प्याची मांडणी, आईच्या डब्यांसाठी. नकाशा मी सॉफ्टवेअरमधूनही काढला. आमच्या पाड्यात एवढा मान मिळालेलं ते पहिलंच घर असेल. बसायची खोली लालभडक आली, स्वयंपाकघर पिवळं-हिरवं. मला फार बरं वाटलं. चुलीच्या धुरात, अंधाऱ्या कोपऱ्यात जन्म काढलेल्या बाईला मी उजेडात आणलं होतं.

घर झालं, वास्तू झाली, आणि महिन्याभरात आईनं चूल बाहेर मांडली.

घराच्या मागच्या अंगाला तिनं लाकडांसाठी एक छप्पर उभं करून घेतलं होतं, जुन्या घराची धड उरलेली कारवी आडोशाला लावून. त्याच्याखाली तीन दगड. ओटा, शेगडी, खिडकी, डोंगर, सगळं सोडून ती तिथे जमिनीवर बसून भाकऱ्या भाजायला लागली. सकाळी तिथे, दुपारी तिथे. भावानं फोन करून सांगितलं, "ताई, लोक विचारतात, लेकीनं बांधलेल्या घरातून सुनेनं म्हातारीला भायेर काढली काय? ही इकडं रडते. तूच समजव आता."

मी समजवायला गेले आणि भांडून आले. आईला मी काय काय बोलले ते आज आठवलं की कान गरम होतात. तुला चांगलं काही सोसतच नाही, म्हटलं. मी चार महिने घासले त्या नकाशावर, म्हटलं. ती काटक्या मोडत ऐकत राहिली. मग म्हणाली, "घर चांगला हाय गो. कोन वंगाळ बोलला?"

"मग आत का बसत नाहीस?"

"आत जीव रमत नाय."

भाऊ म्हणाला, सवय. वहिनी म्हणाली, चुलीच्या भाकरीची चव. मी मनात म्हटलं, हट्ट. पण परतीच्या वाटेवर खर्डीला गाडीची वाट बघताना ती तीन दगडांपुढे बसलेली पाठमोरी दिसत राहिली, आणि मला फार वाईट वाटलं. मला तिला सुखात ठेवायचं होतं. दुसरं होतंच काय माझ्या हातात? मी काही रोज तिच्याजवळ नसते. घर तरी माझ्या हातचं तिच्याजवळ असावं, एवढंच मी धरलं होतं, आणि त्या घरात ती बसत नव्हती.

मग मी माझ्या धंद्याला शोभेल असंच केलं. जुन्या घराचा नकाशा काढून तो तपासायचा ठरवला. जुन्या चुलीपाशी असं काय होतं जे मी नव्या घरात घालवलं, ते मला मोजून हवं होतं. जुन्या घराचा नकाशा कधी कुणी काढलेला नव्हता आणि घर पाडून झालं होतं. सगळं आठवणीतून. ओटी बाबांच्या पावलांनी नऊ पावलं, ते तांदूळ वाळत घालताना मोजायचे. मधल्या घरात चार माणसं आडवी झोपायची, पाचवा आला की पाय दारात. उंबरा एवढा उंच की भावाचा पुढचा दात तिथेच गेला. भावाला फोन करून विचारलं तर तो म्हणाला गोठ्याचं दार डावीकडे होतं. मी म्हटलं उजवीकडे. यावर आम्ही पाऊण तास भांडलो. शेवटी त्याला आठवलं की उजवीकडेच, कारण गाय व्यायली तेव्हा ऊन तिच्या तोंडावर होतं.

एक संबंध रविवार मी ठाण्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये त्या घरात काढला. भिंत ओढली की भिंतीपाशी काय होतं ते आठवायचं. खुंटीवरचं बाबांचं घोंगडं. कोनाड्यातला आरसा. चुलीपाशी पोचले तेव्हा मला आईचे हात आठवले. परातीत भाकरी थापताना तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत उन्हाचे बारीक बारीक पट्टे पडायचे आणि हात फिरला की ते पट्टे हलायचे. दप्तर न काढता मी ते बघत बसायची. आठवणीनं डोळे भरले, ते पुसले, आणि चुलीमागे मी जाड, सलग, काळी भिंत ओढली.

उत्तर आलं. जुन्या घरातला सगळ्यात निळा, सगळ्यात कोंडलेला कोपरा कुठला? आईची चूल. दाराबाहेरून मोजलं तर सगळ्यात आत, आणि तिथून दिसतं काय, तर मधल्या घराची एक पट्टी. माझं नवं स्वयंपाकघर दसपटीनं बरं होतं. खरं सांगते, मला आनंद झाला. मी बरोबर होते, आई हट्टी होती, आणि हे आता रंगात छापून दाखवता येत होतं.

दोन्ही नकाशे ऑफिसच्या प्रिंटरवर काढून मी पुढच्या शनिवारी घरी गेले. आई छपराखाली नाचणीचं पीठ मळत होती. मी तिच्यापुढे पाटावर कागद पसरले. हे जुनं घर, ही ओटी, हे मधलं घर, हा गोठा. जिथून लांबवर दिसतं ते लाल, जिथून काही दिसत नाही ते निळं. याच कामाचा मला पगार मिळतो. पिठाचे हात वर धरून ती वाकून बघत होती. तिनं विचारलं, "ओटी लाल कशाला?" म्हटलं, ओटीवरून अंगण दिसतं, खळं दिसतं. तिनं मान हलवली. "गोठा हिरवा?" अर्धं दिसतं म्हणून. पुन्हा मान. तिला सगळं समजलं होतं.

मग तिनं पिठाचं बोट चुलीच्या कोपऱ्यावर ठेवलं. "आनि हा एवढा निळा?"

"तिथून काहीच दिसायचं नाही ना."

आई हसायला लागली. इतकी हसली की तिला खोकला आला.

"काय येड्यावानी बोलतंस? घरात सगळ्यात लांबचा तिथूनच दिसं. पार ओहोळापावत."

मी म्हटलं, मागे भिंत होती.

"भित व्हती. पन मी ती सगळी कुठं सारवायची?"

चुलीमागचं कूड वरच्या बाजूला मोकळं ठेवतात, धूर जायला, हे मला ठाऊक होतं. पाड्यातल्या सगळ्याच घरांत तसं असायचं. पण आईनं खालीही ठेवलं होतं. जमिनीपासून हातभर उंचीवर, ती बसली की डोळ्यांसमोर येईल अशी, एक वीत रुंदीची पट्टी. दरवर्षी सगळी भिंत सारवायची आणि तेवढी वीत सोडून द्यायची. कारवीच्या काठ्यांमधल्या फटी तिथे उघड्या राहायच्या. बाहेरून बघणाऱ्याला आत अंधार, म्हणून काही कळायचं नाही. आतून बघणाऱ्याला बाहेर ऊन, म्हणून सगळं दिसायचं. बांध, मोह, ओहोळाचा उतार.

आणि ते पट्टे! तिच्या हातावरचे उन्हाचे पट्टे. मी वर्षानुवर्षं बघितले, आठवून रडलेसुद्धा, पण सलग भिंतीतून ऊन आत येतं कुठून, हा प्रश्न माझ्या हुशार डोक्यात एकदाही आला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"कशाला ठेवली होतीस गो ती फट?" मी विचारलं.

"कोन येतंय ते बगायला."

"बाबांना?"

"त्यांना काय बगायचा? ते घरातच असत. तू शिकायला गेलीस ना, त्या साली ठेवली." तिनं पुन्हा पीठ मळायला घेतलं. "शनवारी तू येयाची, नि चुलीकडनं उठता येयाचा नाय. मंग बसल्या बसल्या बगायची. मोहाखाली दिसलीस का पीठ घ्यायची. वळसा घालून ओटीवर येस तवर भाकर तयार."

म्हणजे पावलं नव्हती ती. मामी म्हणायची ते काळीजही नव्हतं. एक बाई एका फटीतून दर शनिवारी ओहोळाकडे डोळे लावून बसली होती. आणि मी तिला फसवायला चवड्यांवर चालत होते, ती बघत असताना. चपला हातात धरलेली मी तिला बांधावरून येताना दिसलेच असणार. मी विचारलं, ते दिसलं होतं का? म्हणाली, "दिसला तर. मना वाटला चपली तुटली. तुझे बाबांना सांगितला नवी आना म्हनून." ती नवी चप्पल मला आठवली. दिवाळी नसताना आली होती.

मी तिथेच बसून रडले. आई म्हणाली, "आता काय झाला रडायला? कागद भिजंल तो."

फ्लॅटवर परत आल्यावर मी नकाशा दुरुस्त केला. चुलीमागची ती वीतभर पट्टी उघडी केली, बाहेर बांध, मोह आणि ओहोळही काढला. सॉफ्टवेअरनं पुन्हा मोजलं. निळा कोपरा गेला आणि तिथून एक लाल पट्टा भिंतीतून थेट बाहेर पडला, खाचरांवरून ओहोळापर्यंत. आख्ख्या घरात त्याच्याएवढं लांबचं कुठूनच दिसत नव्हतं. जी सगळ्यांत आत कोंडलेली वाटायची तिला सगळं दिसत होतं, आणि नव्या घरात नेमकी तीच बाजू मी बंद करून वर कडप्पा ठोकला होता. म्हणून ती बाहेर छपराखाली जाऊन बसली होती, जुन्या कारवीआड, पश्चिमेकडे तोंड करून.

गवंडी बोलावला. मांडणीचे खालचे दोन कप्पे काढून जमिनीपासून हातभर उंचीवर वीतभर आडवी खिडकी पाडायची, हे त्याला तीनदा सांगावं लागलं. "मॅडम, ही खिडकी हाय का उंदराचा बीळ?" भाऊ म्हणाला साप येईल. मी जाळी बसवून घेतली. शेगडी ओट्यावरून खाली जमिनीवर आणली. वहिनीसाठी वर दुसरी. आठवड्यानं भावाचा फोन आला, आई आत बसायला लागली. माझा आनंद गगनात मावेना. ऑफिसात मी सगळ्यांना ही गोष्ट सांगितली, नकाशे दाखवले. आमचे साहेब म्हणाले, यावर लेख लिही.

लेख लिहिला नाही, आणि घरीही गेले नाही. एक शाळा होती, मग एक दवाखाना, मग शाळेचाच बदल. शनिवार आला की काहीतरी असायचंच. वहिनीचा मधूनच फोन यायचा. एकदा ती सहज म्हणाली, "आई रोज दोन भाकऱ्या जास्तीच्या करून ठेवतात. सांगून ऐकत नाहीत. कुत्रा बघा कसला झालाय." मी हसले आणि विषय बदलला. तेव्हाही काही कळलं नाही. माझा तो गुणच आहे.

भात झोडून झाल्यावर, थंडीत, एका शनिवारी मी निघाले. कुणाला कळवलं नाही. डोळखांबहून रिक्षा केली. रिक्षा आता दारापर्यंत जाते, पण मी जुन्या एसटी थांब्यापाशीच थांबवली. रिक्षावाला म्हणाला, "अजून पुढं हाय ना पाडा?" म्हटलं, चालते. तीन वाजले होते. ओहोळात पाणी घोट्याएवढं. मोहाखाली क्षणभर थांबले, साडी नीट केली. बांधावर चढून समोर पाहिलं तर आमच्या घराची सिमेंटची पाठ, आणि तिच्या बुडाशी एक काळी आडवी रेघ. आता त्या रेघेआड दोन डोळे आहेत हे मला माहीत होतं. त्या बांधावरून मी शेकडो वेळा गेले असेन, पण कुणीतरी बघतंय हे ठाऊक असून चालण्याची ती पहिलीच वेळ. पाय अडखळत होते. खाचरं रिकामी होती. बांधावर गवत माजलं होतं, सडक झाल्यापासून तिकडून गुरांखेरीज कुणी येतच नाही. अर्ध्यावर आल्यावर मी चपला काढून हातात घेतल्या. या वयात!

वळसा घालून पुढे आले, चवड्यांवर घरात शिरले. आतून तव्याचा आवाज आला. भाकरी टाकली होती.

स्वयंपाकघरात आई खाली शेगडीपुढे बसली होती, खिडकीकडे तोंड करून. तिच्या हातावर उन्हाची एक पट्टी. मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "दिसले ना?"

ती दचकून वळली. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा फुलला. "तू गो? तू व्हतीस ती?"

"मग? बघितलंस ना मला बांधावर?"

"कोनतरी येतंय एवढा दिसला. कोन ते आता नाय दिसत. मोतीबिंदू म्हनतात." सुनेला सांगू नको अशी खूण तिनं केली.

मी खाली बसले. तव्यावर नाचणीची भाकरी फुगत होती. "मग ही कोणाची टाकलीस?"

"येनाऱ्याची," आई म्हणाली. "बांधावरनं येतंय म्हंजे तूच असशील. सडकेनं येनारे मोटारीतनं येतात."

"आणि नसले तर?"

"नसलीस तर नसलीस. कुत्रा खातो."

मला बाबांची थट्टा ऐकू आली, आणि तिचं उत्तरही. पीठ उरला व्हता. मी हळूच विचारलं, "तेव्हा पण? मी शहापूरला होते तेव्हा?"

"तवा डोळे चांगले व्हते, पन ऊन समोरचा. ओहोळाकडं सगळे सारखेच दिसतात." भाकरी उलटवत ती म्हणाली. "मंगळवार-बुधवार पन कोन दिसला का वाटं, शाळंला सुटी मिळाली असंल. पीठ घ्यायची. जवळ आल्यावर बगते तर लाकडाला जानारी बाय. मंग काय? टाकलेली भाकर तव्यावरनं परत काडता येते?"

मी फक्त शनिवार मोजले होते. आयुष्यभर. शनिवारी भाकरी गरम असायची, आणि मी ती खाऊन म्हणायची की आईला कळतं. तिला कळत नव्हतं. आठवड्याचे बाकीचे दिवस ती चुकत होती, रोज, आणि रोज पुन्हा पीठ घेत होती. तो कुत्रा माझ्या न येण्यावर पोसला होता.

तिनं भाकरी ताटलीत वाढली, बाजूला खुरासणीची चटणी. मी जेवले. ऊन सरकत सरकत तिच्या हातावरून परातीवर आलं. दारात नवा कुत्रा येऊन बसला आणि माझ्या हाताकडे बघायला लागला.

"अजून टाकू?" आईनं विचारलं.

"नको. सकाळची आहे का एखादी?"

"हाय. शिळी हाय ती, कडक झाली. कुत्र्याची."

"दे ती मला."

तिनं टोपलीवरचं फडकं काढलं. दोन भाकऱ्या होत्या, गार, कडा वळलेल्या. एक तिनं माझ्या ताटलीत ठेवली. मी म्हटलं, "दुसरी पण."